साडेतीनशे काढून एलएस३ टाकलं: घरच्या हॉट रॉडमधल्या क्रेट इंजिनचा सविस्तर रिव्ह्यू

घरी बांधलेल्या हॉट रॉडमध्ये, म्हणजे जुन्या धर्तीच्या हलक्या गाडीत जोरकस इंजिन घालून केलेल्या गाडीत, शेवीचं (शेव्हरोलेचं) जुनं साडेतीनशे आहे, म्हणजे ३५० क्युबिक इंच, ५.७ लिटर, आणि आता त्यापेक्षा मोठं काहीतरी टाकायचं डोक्यात घोळतंय, अशा लोकांसाठी हे लिहितोय कारण मी नेमकं तेच केलंय. गाडी १९३२ च्या फोर्डच्या धर्तीवरची, बॉडी फायबरग्लासची, चासी बॉक्स केलेली (रेल पत्रा लावून बंद केलेल्या), मडगार्ड नाहीत, बॉनेटचे साइड पॅनल नाहीत, त्यामुळे इंजिन दोन्ही बाजूंनी उघडं दिसतं. आधी त्यात लोखंडी साडेतीनशे आणि वर चार बॅरलचा कार्बोरेटर होता. आता शेव्हरोलेच्या एलएस घराण्यातलं एलएस३ क्रेट इंजिन आहे, म्हणजे खोक्यातून नवं कोरं जुळवून येणारं, ६.२ लिटर. पाचपैकी साडेचार स्टार देतो आणि का ते सांगतो.

आधी आकडे बघून घ्या. एलएस३ पहिल्यांदा आलं २००८ च्या कॉर्व्हेटमध्ये, ३७६ क्युबिक इंच, ५९०० आरपीएमला ४३० हॉर्सपॉवर, ४६०० ला ४२५ पाउंड-फूट टॉर्क, कॉम्प्रेशन १०.७ ला १. माझं जुनं साडेतीनशे चांगल्या दिवशी अडीचशेच्या आसपास असेल. म्हणजे ताकद बरीच वाढली, पण खरं सांगू का, मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ताकद नाहीच, वजन आहे. एलएस३ चा ब्लॉक पण अॅल्युमिनियमचा आणि हेड पण अॅल्युमिनियमचे, त्यामुळे हे मोठं इंजिन जुन्या लोखंडी इंजिनापेक्षा चाळीस-पन्नास किलो तरी हलकं भरतं. आणि बत्तीसच्या फोर्डसारख्या गाडीत, जिची सगळी मिळून हजार-अकराशे किलोची गोष्ट, तिथे पुढच्या अॅक्सलवरून एवढं वजन कमी होणं म्हणजे गाडीचा स्वभावच बदलतो. आधी वळणावर नाक बाहेर ढकललं जायचं, स्टिअरिंगला जोर लावावा लागायचा, ब्रेक मारला की पुढचा भाग खाली बसायचा. इंजिन बदलल्यावर गाडी पुढून इतकी वर आली की पुढच्या आडव्या कमानपाट्याचं एक पान काढावं लागलं तेव्हा कुठे उंची जागेवर बसली. शॉक पण नरम केले. त्यानंतर पहिल्यांदा रस्त्यावर काढली तेव्हा अॅक्सिलरेटर न दाबताच फरक कळला, पहिल्याच चौकात वळताना.

म्हणून ज्यांच्या मनात आहे की मोठं इंजिन म्हणजे बिग ब्लॉकच (शेवीचा आकाराने मोठा व्ही८), त्यांना माझं सांगणं आहे की एकदा तराजू मनात आणा. लोखंडी बिग ब्लॉक तीनशे किलोच्या वर जातो, आणि तो छोट्या चासीच्या पुढच्या टोकाला टांगला की सरळ रस्त्यावर मजा येईल पण गाडी चालवायचं सुख जाईल.

पारंपरिकवाल्यांचा यावर राग असतो, हॉट रॉडमध्ये इलेक्ट्रॉनिक इंजिन टाकलं म्हणून, आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण हॉट रॉडचा इतिहासच इंजिन बदलण्याचा आहे ना. मॉडेल ए ला ४० हॉर्सपॉवरचं चार सिलिंडर इंजिन होतं. १९३२ मध्ये फोर्डने २२१ क्युबिक इंचाचा फ्लॅटहेड (व्हॉल्व ब्लॉकमध्येच असलेला) व्ही८ काढला, ६५ हॉर्सपॉवर, आणि पोरांनी तो भंगारातल्या गाड्यांतून काढून जुन्या हलक्या गाड्यांत बसवायला सुरुवात केली. मग १९४९ ला कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबाइलचे ओव्हरहेड व्हॉल्व (व्हॉल्व वर हेडमध्ये असलेले) व्ही८ आले, ते बसवले. १९५५ ला शेवीचा स्मॉल ब्लॉक आला २६५ क्युबिक इंचाचा, तो सगळ्यांपेक्षा आटोपशीर आणि हलका निघाला आणि फोर्डच्या गाडीत शेवीचं इंजिन हे समीकरणच होऊन बसलं. आपलं साडेतीनशे त्याच घराण्यातलं, १९६७ चं. प्रत्येक पिढीने त्या वेळचं हाताला लागणारं सगळ्यात जोरकस आणि हलकं इंजिन उचललं. एलएस३ ही त्यातलीच पुढची पायरी आहे असं मी मानतो.

आता खोक्यात काय येतं आणि काय नाही, कारण इथे बरेच जण फसतात. इंजिन पूर्ण जुळवलेलं येतं, इंटेक मॅनिफोल्ड, इंजेक्टर, थ्रॉटल बॉडी सगळं वर बसवलेलं. पण ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आणि हार्नेस (त्याच्या तारांचा जुडगा) वेगळा घ्यावा लागतो, अल्टरनेटर आणि त्याचे ब्रॅकेट वेगळे, स्टार्टर वेगळा. ईसीयूचा जो किट मिळतो त्यात मात्र ऑक्सिजन सेन्सर, एअर फ्लो मीटर आणि अॅक्सिलरेटर पेडलसुद्धा असतं, कारण या इंजिनाला अॅक्सिलरेटरची केबलच नाही, सगळं वायरवर चालतं. म्हणजे तुमचं जुनं सुंदर पितळी पेडल गेलं. मी त्या नवीन पेडलचा प्लॅस्टिकचा पाय काढून त्यावर जुन्याचा तवा बसवून घेतला, काम छान झालं, पण आधीपासून हिशोबात धरा.

बसवायच्या कामात सगळ्यात आधी फाउंडेशन, म्हणजे इंजिन चासीवर धरणारे माउंट. जुन्या स्मॉल ब्लॉकला प्रत्येक बाजूला तीन बोल्टचा पॅड असतो, एलएसला चार बोल्टचा. त्यासाठी अडॅप्टर प्लेट मिळतात, त्या लावल्या की चासीवरचे जुने माउंट तसेच वापरता येतात आणि काही प्लेट तर इंजिन पुढे-मागे सरकवायची सोय देतात. मी मागवलेल्या पहिल्या जोडीची भोकं जुळत नव्हती, ज्या दुकानाने पाठवली त्यांनी फोनवर बराच वाद घातला आणि शेवटी बदलून दिली, नाव घेत नाही, पण तुम्ही प्लेट हातात आल्या आल्या मोकळ्या ब्लॉकवर लावून बघा, इंजिन चेन कप्पीला लटकत असताना हे कळणं फार वाईट.

एक फायदा असा की एलएसला डिस्ट्रिब्युटरच (प्लगना आळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग) नाही. जुन्या शेवीचा डिस्ट्रिब्युटर मागे फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला) चिकटून असायचा आणि त्यासाठी फायरवॉलला खळगा करावा लागायचा. इथे आठ सिलिंडरला आठ कॉइल, प्रत्येक हेडच्या कव्हरवर चार चार. त्यामुळे इंजिन मागे सरकवायला जागा मिळते आणि मागे सरकलं की वजन अजून मागे येतं, वर म्हटलं ते सुख अजून वाढतं. कॅमचा सेन्सर या पिढीत पुढच्या टायमिंग कव्हरवर आहे. मागे इंटेकच्या पाठीशी ऑइल प्रेशरचा सेन्सर मात्र आहे, तिथे पाना जाईल एवढी जागा ठेवा, नाहीतर पुढेमागे तो बदलायला इंटेक उतरवावा लागेल.

संपचा विषय नीट समजून घ्या. एलएसचा ऑइल संप, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, पत्र्याचा नसतो, ओतीव अॅल्युमिनियमचा असतो आणि तो इंजिनाच्या ताकदीचा भाग आहे, गिअरबॉक्सचे बोल्टसुद्धा त्यात जातात. ट्रकचा संप खूप खोल, तो बत्तीसच्या खाली लोंबेल आणि पहिल्या स्पीड ब्रेकरला फुटेल. कॉर्व्हेटचा उथळ पण बाजूंनी पंखासारखा रुंद, तो चासीच्या रेल आणि हेडरच्या (एक्झॉस्टच्या नळ्यांच्या) मध्ये अडकतो. हॉट रॉडसाठी म्हणून जे अरुंद संप मिळतात तेच घ्या, आणि त्यासोबत त्याच संपचा पिकअप पाइप (संपमधून ऑइल ओढणारी नळी) आणि गॅस्केट घ्या, एकाचा संप आणि दुसऱ्याचा पिकअप अशी खिचडी करू नका. पिकअपचं तोंड आणि संपचा तळ यातलं अंतर मातीच्या गोळीने मोजून बघायचं, मुलांच्या खेळण्यातली मऊ माती चालते, संप दाबून बसवायचा, काढायचा आणि गोळी किती चपटी झाली ते बघायचं. दहा मिनिटांचं काम आहे पण बेअरिंग वाचतात.

आता पुढची बाजू. ही मला सगळ्यात रंजक वाटली म्हणून जरा जास्त लिहितो. बत्तीसच्या रेडिएटरपासून फायरवॉलपर्यंत जागा ठरलेली, त्यात काही वाढवता येत नाही. एलएसच्या पुढच्या बेल्टच्या पुल्यांचे तीन प्रकार आहेत, कॉर्व्हेट, कॅमारो आणि ट्रक, आणि तिघांची क्रँक पुली ब्लॉकपासून वेगवेगळ्या अंतरावर येते. कॉर्व्हेटची सगळ्यात जवळ, मग कॅमारोची, ट्रकची सगळ्यात लांब. आपल्याला इंच इंच महत्त्वाचा, म्हणून कॉर्व्हेटचाच सेट घ्यायचा. क्रँक पुली, वॉटर पंप, अल्टरनेटरचा ब्रॅकेट, सगळं एकाच प्रकारचं हवं, नाहीतर बेल्ट तिरका चालतो आणि उडतो. आणि हे पण लक्षात ठेवा की या इंजिनाच्या क्रँक पुलीला चावी नसते, ती फक्त घट्ट बसण्यावर आणि बोल्टच्या ताणावर टिकते. तो बोल्ट एकदाच वापरायचा असतो. पुली ओढून बसवण्यासाठी जुना बोल्ट वापरायचा आणि शेवटचं टाइट करताना नवीन, आधी टॉर्क रेंचने आणि नंतर ठरलेल्या अंशात फिरवून. हातोडीने ठोकून पुली बसवणारे मेकॅनिक अजूनही भेटतात, त्यांना हात लावू देऊ नका. पुढे थ्रस्ट बेअरिंगवर मार बसतो.

थ्रॉटल बॉडी पण पुढेच तोंड करून असते आणि तिच्यासमोर लगेच रेडिएटर आणि फॅन. एअर फ्लो मीटरला त्याच्या आधी-नंतर सरळ नळी लागते, हवा घुसळत आली तर त्याचं रीडिंग बिघडतं. बंद बॉनेटच्या गाडीत हे सोपं, उघड्या इंजिनाच्या रॉडमध्ये ती नळी डोळ्यात खुपते. मी एक पातळ अॅल्युमिनियमची नळी वळवून रेडिएटरच्या वरच्या टाकीच्या मागून बाजूला नेली. दिसायला ठीक, फार देखणी नाही. अर्धा स्टार कापला तो बहुतेक यासाठीच.

कूलिंगमध्ये दोन गोष्टी. एलएसच्या वॉटर पंपाची दोन्ही मोठी तोंडं एकाच बाजूला आहेत, त्यामुळे जुन्या साडेतीनशेसाठी बनवलेला रेडिएटर बदलावा लागतो किंवा त्याची तोंडं फिरवून घ्यावी लागतात. आणि दुसरी, जी लोक विसरतात, ती म्हणजे वाफेची नळी. दोन्ही हेडच्या पुढच्या टोकाला एक बारीक नळी असते, ती कूलंटमधली अडकलेली हवा बाहेर काढते. ती रेडिएटरच्या सगळ्यात वरच्या भागाला किंवा वेगळ्या टाकीला जोडायलाच हवी. बरेच जण ती बुजवून टाकतात कारण दिसायला घाण वाटते, मग हेडमध्ये हवा अडकते, तिथे पाणी पोचत नाही, गेज नॉर्मल दाखवतं आणि आत हेड तापत राहतं. माझं बत्तीसचं अरुंद रेडिएटर, मागे पूर्ण श्राउड (फॅनभोवतीचं आवरण) आणि इलेक्ट्रिक फॅन, यावर भर उन्हात ट्रॅफिकमध्ये पण सुई जागची हलली नाही.

पेट्रोलचं काम पूर्ण नव्याने करावं लागतं, यात शॉर्टकट नाही. कार्बोरेटरला ५ ते ७ पीएसआय पुरायचं, इथे ५८ लागतं. म्हणजे टाकीच्या आत पंप, टाकीत आडव्या पट्ट्या म्हणजे वळणावर पेट्रोल एका बाजूला पळू नये, आणि पूर्ण लाइन इंजेक्शनच्या दाबाची. जुने रबरी पाइप आणि क्लिपा ठेवल्या तर ५८ पीएसआयला पेट्रोलचा फवारा गरम हेडरवर उडेल, आणि आपली तर बॉडी फायबरची. कॉर्व्हेटवाला फिल्टर मिळतो ज्यात रेग्युलेटर आतच असतो, तो टाकीजवळ लावला की परतीची लाइन छोटी राहते, पुढे एकच पाइप जातो. स्वस्त आणि मस्त उपाय.

गिअरबॉक्सकडे येऊ. बेलहाउसिंगचे (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या, क्लच झाकणाऱ्या भागाचे) बोल्ट एक सोडला तर जुन्या शेवीसारखेच, म्हणून लोकांना वाटतं जुना बॉक्स तसाच लागेल. लागतो, पण क्रँकचा मागचा चेहरा जुन्यापेक्षा साधारण ०.४ इंच आत आहे, म्हणजे एक सेंटिमीटर, त्यासाठी स्पेसर किंवा लांब पायलट बेअरिंग लागतं. ते न घालता बॉक्स बोल्टने ओढून बसवला तर काहीतरी तुटणार हे नक्की. माझ्याकडे टी५ होता, हलका आणि छान बॉक्स, पण तो साधारण ३०० पाउंड-फूटच्या आसपासचा, आणि इंजिन ४२५ देतंय. गाडी हलकी आहे म्हणून टी५ थोडे दिवस टिकला असता, पण रबर चिकट असेल आणि क्लच जोरात सोडला तर तिसरा गिअर जायची भीती. म्हणून ट्रेमेकचा टीकेएक्स घेतला, तो ६०० पर्यंतचा आहे, पाच गिअर, ओव्हरड्राइव्ह, आणि बाहेरून आटोपशीर असल्याने बत्तीसच्या बोगद्यात मावला. मागे फोर्डचा नऊ इंची डिफरेन्शियल आधीपासून होता त्यामुळे तिथे हात लावला नाही. ज्यांच्याकडे अजून तीसच्या दशकातला मूळचा मागचा अॅक्सल आहे त्यांनी मात्र इंजिनाच्या आधी तो बदला.

ब्रेकबद्दल एकच वाक्य, फोर्डने स्वतः हायड्रॉलिक ब्रेक १९३९ ला दिले, त्यामुळे मूळचे तारांवर चालणारे ब्रेक ठेवून ४३० हॉर्सपॉवर टाकायचा विचार सुद्धा करू नका, पुढे डिस्क लावा आणि मग बोला.

वायरिंगची मला सगळ्यात जास्त धास्ती होती आणि तेच सगळ्यात सरळ गेलं. हार्नेसवर प्रत्येक सॉकेटला चिठ्ठी असते, चुकीच्या जागी बसतच नाही. गाडीच्या बाजूने बॅटरी, इग्निशन, पंप आणि फॅन एवढ्याच तारा जोडायच्या. महत्त्वाचं अर्थिंग. फायबरच्या बॉडीला अर्थ नसतो, त्यामुळे ब्लॉकपासून चासीला आणि चासीपासून बॅटरीला जाड तार, रंग खरवडून चकचकीत धातूवर. इलेक्ट्रॉनिक इंजिनाच्या निम्म्या भुताटक्या खराब अर्थमुळे असतात, हे कुठलाही चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन सांगेल.

आणि पहिलं स्टार्ट. जुन्या साडेतीनशेचा कॅम सपाट टॅपेटचा होता, तसला नवीन कॅम टाकला की इंजिन चालू झाल्या झाल्या वीस-तीस मिनिटं दोन हजारच्या वर फिरवत ठेवायचं, आयडलिंगला येऊ द्यायचं नाही, जस्ताचं ऑइल घालायचं, तरी कधी कधी कॅम घासला जायचाच. एलएसचे टॅपेट रोलरचे आहेत, तसला काही ताप नाही. फक्त चालू करण्याआधी ऑइल वर चढवायचं. मी कॉइलचे सॉकेट काढले, पंपाचा फ्यूज काढला आणि स्टार्टरने थोडं थोडं थांबून फिरवलं, मित्र गेजवर डोळे लावून बसला होता, सुई आधी थरथरली आणि मग एकदम वर गेली. मग सगळं परत जोडलं, चावी फिरवली, पंपाचा बारीक आवाज आला आणि दुसऱ्या फेरीत इंजिन लागलं, कार्बोरेटरसारखं खोकणं नाही, चोक नाही, अॅक्सिलरेटर मारणं नाही. गार इंजिन स्वतःच आयडलिंग थोडं वर धरतं आणि तापलं की खाली आणतं. मी आणि मित्र दोघेही काही वेळ नुसते ऐकत उभे होतो.

चालवायला कसं आहे? पहिल्या गिअरमध्ये जपून. आरपीएम कमी असतानाच एवढा टॉर्क येतो की मागची चाकं ओल्या रस्त्यावर कुठेही सुटतात, आणि या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल वगैरे काही नाही. तिसऱ्यात मात्र जो पिकअप आहे तो शब्दात पकडता येत नाही, चार हजारच्या वर गेलं की आवाज बदलतो आणि गाडी अजून ओढतच राहते जिथे साडेतीनशे दमायचं. पाचव्यात हायवेवर इंजिन इतकं शांत असतं की शेजारच्या माणसाशी बोलता येतं. अॅव्हरेज पण आधीपेक्षा चांगलं, इंजिन मोठं असून. पेट्रोल मात्र प्रीमियम लागतं, १०.७ कॉम्प्रेशन आहे.

दिसण्याबद्दल प्रामाणिकपणे सांगतो. हे इंजिन मॉडर्न गाडीच्या बॉनेटखाली झाकायला बनवलंय, वर काळा प्लॅस्टिकचा मॅनिफोल्ड, हेड कव्हरवर कॉइलची रांग, वायरींचं जाळं. उघड्या रॉडमध्ये ते कोणाला आवडणार नाही. मी कॉइल ब्रॅकेट लावून मागे फायरवॉलजवळ लपवल्या, प्लगच्या तारा थोड्या लांब लागल्या, आणि जुन्या धर्तीचे फिनवाले कव्हर बसवले. आता लांबून बघणाऱ्याला जुन्या शेवीसारखंच वाटतं. ज्यांना मूळ रूपच प्यारं आहे, जे कार्बोरेटरचा वास आणि ट्यूनिंगचा नाद यासाठीच रॉड ठेवतात, त्यांनी साडेतीनशेच ३८३ ला स्ट्रोक करून (पिस्टनची धाव वाढवून) घ्यावा, शेवीच्याच चारशे क्युबिक इंची इंजिनाच्या धावेचा क्रँक घालून होतो तो, त्यासोबत पिस्टनही बदलावे लागतात, पण गाडीत बाकी फारसं काही बदलावं लागत नाही आणि ताकद भरपूर मिळते. वजन मात्र तेवढंच राहील.

ज्यांनी घ्यायचं ठरवलंय त्यांनी संप, पुल्या आणि रेडिएटर यांची मापं घेऊन मगच ऑर्डर द्या, आणि इंजिन येईपर्यंत टाकी आणि पेट्रोल लाइनचं काम उरकून ठेवा. गाडी चालू झाली की पहिल्या काही तापण्या-गार होण्यानंतर हेडरचे बोल्ट परत एकदा कसून घ्या, अॅल्युमिनियम हेडवर ते हमखास थोडे ढिले होतात, माझे दोन्ही बाजूंचे मागचेच झाले होते.